वाचक विचारतात : घरच्या इंकजेटवर फोटोचे रंग

फोटो घरी छापणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येते : पडद्यावर दिसतं तसं कागदावर उतरत नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. मेनूतली नावं विंडोज आणि फोटोशॉपमधली आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द थोडे बदलतील, क्रम तोच राहील.

प्रश्न : लॅपटॉपवर फोटो छान उजळ दिसतो, प्रिंट मात्र काळपट येतो. नोझल चेक व्यवस्थित आहे. प्रिंटर दुरुस्तीला न्यावा का? (एक वाचक, सांगली)

नोझल चेकमध्ये (शाईची छिद्रं तुंबली आहेत का ते पाहायला प्रिंटर छापतो त्या चाचणीत) सगळ्या रेघा अखंड असतील तर प्रिंटर आहे तिथेच राहू द्या. आधी पडदा तपासा. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत फेकतो. पूर्ण ब्राइटनेसवर लॅपटॉपचा पडदा प्रति चौरस मीटर ३०० कँडेलापर्यंत (हे उजेड मोजण्याचं एकक) सहज जातो. घरातल्या साध्या उजेडात धरलेला पांढरा कागद याच्या पाव भागालाही मुश्किलीने पोचतो. अशा झगझगीत पडद्यावर तुम्ही फोटो ‘पुरेसा उजळ’ ठरवता तेव्हा फाइल मुळात अंधारी राहिलेली असते, आणि प्रिंटर ती आहे तशी छापतो.

प्रिंटसाठी काम करताना पडद्यावरचा पांढरा ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान हवा. मोजायला यंत्र नसेल तर कॅमेरा बऱ्यापैकी अंदाज देतो. पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/४, मीटरिंग स्पॉट ठेवा. फ्रेममध्ये फक्त पांढरा भाग येईल इतक्या जवळ जाऊन मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत शटर स्पीड बदला. १/४० वर शून्य आला तर पडदा साधारण ८० कँडेला, १/५० वर १००, १/६० वर १२०. १/१६० आला तर पडदा ३०० च्या पुढे आहे, आणि तुमच्या काळपट प्रिंटचं कारण तिथेच सापडलं. ब्राइटनेस खाली आणत पुन्हा मोजा.

हे करण्याआधी विंडोजमधलं नाइट लाइट, पडद्याचा आपोआप बदलणारा ब्राइटनेस आणि लॅपटॉप कंपनीने घातलेले ‘व्हिविड’सारखे मोड बंद करा. पडदा सुरू करून अर्धा तास जाऊ द्या. कमी केलेला ब्राइटनेस पहिल्या दिवशी मिणमिणता वाटेल, पण डोळे लवकर सरावतात. सरावल्यावर तोच फोटो पुन्हा उघडा, म्हणजे तो किती अंधारा आहे ते आता पडद्यावरच कळेल.

नियमित छपाई करणार असाल तर कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून सुधारणारं यंत्र, घ्याच. डेटाकलरचे स्पायडर किंवा कॅलिब्राइटचे डिस्प्ले, दोन्ही चालतात. लक्ष्य म्हणून व्हाइट पॉइंट डी६५, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १०० ते १२० द्या आणि महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. प्रोफाइलच्या (ठरावीक प्रिंटर आणि कागदासाठी रंगांचे आकडे कसे बदलायचे ते सांगणाऱ्या फाइलच्या) भानगडीत पडण्याआधी हे काम झालंच पाहिजे, कारण खोट्या पडद्यावर केलेली प्रत्येक दुरुस्ती खोटीच ठरते.

प्रश्न : कागद बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून प्रोफाइल उतरवलं. फोटोशॉपमध्ये ते निवडून छापलं तर चेहरे लालसर-जांभळट येतात. प्रोफाइल न निवडता बरं येतं. प्रोफाइल सदोष आहे का? (एक वाचक, नाशिक)

बहुधा नाही. लालसर-जांभळट झाक ही रंगांचं रूपांतर दोनदा झाल्याची नेहमीची खूण आहे. एकदा फोटोशॉपने प्रोफाइल वापरून आकडे बदलले, नंतर प्रिंटरच्या ड्रायव्हरने तेच आकडे ‘कच्चे’ समजून पुन्हा बदलले. रूपांतर एकदाच आणि एकाच ठिकाणी व्हायला हवं. फोटोशॉपला सांगितलं असेल तर ड्रायव्हरचे हात बांधले पाहिजेत. विंडोजवर हे आपल्यालाच करावं लागतं. मॅकवर फोटोशॉपने जबाबदारी घेतली की ड्रायव्हरचा रंगाचा मेनू बहुतेक वेळा आपोआप बंद पडतो.

प्रोफाइलच्या फाइलवर उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल प्रोफाइल’ करा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर यादीत नाव दिसणार नाही. मग फाइल → प्रिंट. तिथे आधी ‘प्रिंट सेटिंग्ज’ उघडून ड्रायव्हरमध्ये जा.

एप्सनच्या एल८०५ सारख्या घरगुती टँक प्रिंटरमध्ये मोअर ऑप्शन्स → कलर करेक्शन → कस्टम → अ‍ॅडव्हान्स्ड → ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ असा रस्ता आहे. कॅननमध्ये मेन → कलर/इंटेन्सिटी → मॅन्युअल → सेट → मॅचिंग → ‘नन’. फोटो आपोआप सुधारणारे जे पर्याय असतील तेही काढा. ड्रायव्हरमधून बाहेर आल्यावर कलर हँडलिंगमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’, प्रिंटर प्रोफाइलमध्ये तुमच्या कागदाचं नाव, रेंडरिंग इंटेंट (कागदावर न मावणारे रंग कसे बसवायचे त्याची पद्धत) ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आणि ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’वर खूण.

ड्रायव्हरमधली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते : मीडिया टाइप. कागदाचा प्रकार निवडला की किती शाई सोडायची, कोणती काळी वापरायची, हेड किती उंचीवर चालवायचं हे सगळं ठरतं. प्रोफाइल बनवणाऱ्याने एक ठरावीक मीडिया टाइप आणि क्वालिटी निवडून मोजमाप केलेलं असतं. ‘प्रीमियम ग्लॉसी’वर बनलेलं प्रोफाइल तुम्ही ‘मॅट’ निवडून वापरलं तर रंग चुकणारच. कागदाच्या कंपन्या प्रोफाइलसोबत सूचनांचं एक पान देतात, त्यात हे नाव लिहिलेलं असतं. ते पान न वाचता प्रोफाइल वापरू नका.

सगळं जमल्यावर या सेटिंग्जना ड्रायव्हरमध्ये कागदाचं नाव देऊन प्रीसेट म्हणून साठवा. काही ड्रायव्हर पुढच्या वेळी मूळ सेटिंगवर परत जातात आणि तोच लालसर प्रिंट पुन्हा हातात येतो.

आणि हो, प्रोफाइल न वापरता ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडून, ड्रायव्हरचं करेक्शन चालू ठेवून छापणं ही चूक नव्हे. कंपनीचाच कागद आणि कंपनीचीच शाई असेल तर त्यातून चांगले प्रिंट निघतात. चूक आहे ती दोन्ही एकदम चालू ठेवण्यात.

प्रश्न : टँकमध्ये दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाई भरल्यापासून रंग जुळत नाहीत. तीच सेटिंग्ज, तोच कागद. (एक वाचक, जळगाव)

प्रोफाइल कागदाचं असतं असं सगळे म्हणतात, पण ते प्रिंटर, शाई, कागद, मीडिया टाइप आणि क्वालिटी या सगळ्यांच्या जोडीचं असतं. यातली एक गोष्ट बदलली की ते त्या जोडीचं राहत नाही. शाई बदलणं हा त्यातला सगळ्यात मोठा बदल. शिवाय नळ्यांमध्ये आणि हेडमध्ये जुनी शाई उरलेली असते, त्यामुळे सुरुवातीचे बरेच प्रिंट दोन शायांच्या मिश्रणाचे निघतात. ते संपेपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नका.

तीच शाई पुढे वापरायची असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल बनवून घ्या. त्यासाठी शेकडो रंगीत चौकोनांचं एक टार्गेट छापायचं असतं, आणि तेही रंगाचं कोणतंही रूपांतर न करता. फोटोशॉपमधली ही सोय सीएस५ पासून काढून टाकलेली आहे, म्हणून त्यासाठी अडोबीची ‘कलर प्रिंटर युटिलिटी’ किंवा प्रोफाइल बनवण्याच्या यंत्रासोबत येणारं सॉफ्टवेअर वापरतात. छापण्याआधी नोझल चेक करा, कारण एक नोझल बंद असेल तर ती चूक प्रोफाइलमध्ये कायमची कोरली जाते. छापल्यावर पान २४ तास उघडं, पण उन्हापासून दूर सुकू द्या. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचं. पडदा मोजणारं साधं कॅलिब्रेटर कागद मोजू शकत नाही, घेताना ही गफलत करू नका. यंत्र विकत घेण्यापेक्षा टार्गेट छापून पाठवलं की प्रोफाइल बनवून देणाऱ्या व्यावसायिकाकडून काम करून घेणं परवडतं.

मात्र पुढची बाटली त्याच कंपनीची, त्याच प्रकारची असायला हवी. दर वेळी मिळेल ती शाई भरणार असाल तर प्रोफाइलवर पैसे घालू नका.

प्रश्न : मी फ्लेक्स आणि पत्रिकांचं डिझाइन करतो. इंकजेटवर फोटो छापतानाही फाइल सीएमवायके करूनच द्यावी ना? शेवटी शाई तीच आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

नाही, आरजीबीच (लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांची फाइल) द्या. ऑफसेटमध्ये प्लेट काढायच्या म्हणून सीएमवायके (सायन, मॅजेन्टा, पिवळी आणि काळी या चार शायांचे चॅनल) लागतं. घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबी आकडे घेतो आणि कोणत्या शाईचा किती थेंब टाकायचा ते स्वतः ठरवतो. सहा शाईच्या प्रिंटरमध्ये तर लाइट सायन आणि लाइट मॅजेन्टाही असतात, त्यांना तुमच्या चार चॅनलमध्ये जागाच नाही. सीएमवायके करताना ऑफसेटच्या मर्यादेत न बसणारे रंग आधीच कापले जातात, नंतर ड्रायव्हर ती फाइल पुन्हा आरजीबी करतो, आणि कापलेले रंग परत येत नाहीत.

प्रश्न : वारीचे फोटो छापतो आहे. पताकांचा भगवा आणि उधळलेला गुलाल पडद्यावर जिवंत दिसतो, कागदावर सपाट ठिपका येतो. एसआरजीबीऐवजी अडोबी आरजीबी केलं तर रंग आणखीच विचित्र झाले. काय करावं? (एक वाचक, पुणे)

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. आधी दुसरा सोडवू.

एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी म्हणजे आरजीबीच्या आकड्यांचा नेमका कोणता रंग धरायचा त्याच्या दोन ठरलेल्या व्याख्या. एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं, साध्या मॉनिटरवर काय दिसतं ते धरून. अडोबी आरजीबी १९९८ चं. त्यात हिरवे आणि निळसर हिरवे रंग जास्त मावतात, आणि चांगल्या कागदावर इंकजेट त्यातले काही रंग खरोखर छापू शकतो. पण एकातून दुसऱ्यात जाण्याचे फोटोशॉपमध्ये दोन दरवाजे आहेत आणि तुम्ही बहुधा चुकीच्या दरवाजाने गेलात. ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ आकडे बदलतं आणि रंग तोच ठेवतं. एसआरजीबीतला पूर्ण लाल २५५-०-० असतो, अडोबी आरजीबीत कन्व्हर्ट केला की आकडा होतो २१९-०-०, डोळ्याला लाल तोच. ‘असाइन प्रोफाइल’ आकडे तसेच ठेवतं आणि त्यांचा अर्थ बदलतं. एसआरजीबी फाइलला अडोबी आरजीबी असाइन केलं की सगळे रंग भडकतात. उलट, अडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइल न जोडता दिली आणि पुढच्याने ती एसआरजीबी समजून उघडली तर फोटो फिका पडतो. सेव्ह करताना ‘एम्बेड प्रोफाइल’वर खूण ठेवा. असाइन हे फक्त प्रोफाइल हरवलेल्या फाइलसाठी आहे.

शिवाय एसआरजीबी जेपेगचं अडोबी आरजीबी करून नवे रंग येत नाहीत. कॅमेऱ्याने जे कापलं ते कापलं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर रॉ उघडतानाच अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो आरजीबी, १६ बिट निवडा.

आता गुलाल. हिस्टोग्राममध्ये (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणाऱ्या आलेखात) तीनही चॅनल वेगवेगळे पाहा. गुलाल आणि भगवा यांत लाल चॅनल एकूण एक्स्पोजर ठीक असतानाही उजव्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे पताकेच्या घड्या किंवा गुलालाचे लोट फाइलमध्येच उरलेले नसतात, मग कागदावर कुठून येणार? रॉमध्ये एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली घ्या, भगव्या-लाल रंगांचं सॅच्युरेशन १० ते १५ ने कमी करा आणि घड्या परत दिसतात का पाहा. पुढच्या वेळी उन्हातले गुलालाचे फोटो काढतानाच थोडे अंडर ठेवा.

फाइलमध्ये तपशील आहे पण कागदावर जात नाही, असं असेल तर प्रश्न कागदाच्या आवाक्याचा आहे. त्यासाठी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर काय येईल त्याची पडद्यावरच पाहायची नक्कल. व्ह्यू → प्रूफ सेटअप → कस्टम. ‘डिव्हाइस टू सिम्युलेट’मध्ये कागदाचं प्रोफाइल, ‘प्रिझर्व्ह नंबर्स’ची खूण काढलेली, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर खूण, आणि ‘सिम्युलेट पेपर कलर’वरही. शेवटची खूण करताच फोटो एकदम मळकट दिसतो. त्या क्षणी पडद्यावरून नजर काढा, आजूबाजूचे पांढरे मेनू झाका आणि मग बघा, कारण पांढऱ्याशेजारी कागदाचा पांढरा नेहमीच मेलेला दिसतो.

आता रेंडरिंग इंटेंट आलटून पालटून पाहा. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आवाक्यातले रंग जवळजवळ जसेच्या तसे ठेवतं आणि बाहेरचे सगळे काठावर आणून बसवतं. गुलालाच्या पाच छटा काठावर येऊन एकच होतात, तोच तुमचा सपाट ठिपका. ‘पर्सेप्च्युअल’ सगळेच रंग थोडेथोडे आत ओढतं, त्यामुळे छटांमधलं अंतर टिकतं, पण फोटो एकंदर किंचित सौम्य होतो. वारीच्या तुमच्या फोटोंना बहुधा पर्सेप्च्युअल लाभेल. शेतात उभ्या माणसाचा, मवाळ रंगांचा फोटो असेल तर रिलेटिव्हच बरं. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ फोटोला वापरू नका, ते कागदाच्या पांढऱ्या भागावरही रंग चढवतं.

‘गॅमट वॉर्निंग’ची राखाडी झाक पाहून घाबरू नका. रंग बाहेर आहे एवढंच ती सांगते, थोडा की फार ते सांगत नाही. ती झाक पूर्ण जाईपर्यंत सॅच्युरेशन खाली आणणाऱ्यांचे प्रिंट निस्तेज होतात. आणि काही गुलालांची फ्लुरोसंट चमक कुठल्याही साध्या शाईत येत नाही. तिथे चमकेचा नाद सोडा, लोटांचा आकार आणि त्यातला उजेड-सावली वाचवा.

प्रश्न : ग्लॉसीवर काळा दाट येतो, मॅट कागदावर राखाडी. मॅटचा नाद सोडावा का? (एक वाचक, नागपूर)

मॅट कागदाची काळा दाखवण्याची कुवतच कमी असते. चांगल्या ग्लॉसी कागदावर काळ्याची घनता २.२ च्या पुढे जाते, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम ०.६ टक्का परत येतो. मॅटवर ती साधारण १.६ वर थांबते, म्हणजे अडीच टक्के प्रकाश परत. चौपट. हे सेटिंगने सुटत नाही. रात्रीचे, दाट सावल्यांचे फोटो ग्लॉसी किंवा लस्टरवर छापा. धुकं, पोर्ट्रेट, जुन्या वाड्याच्या भिंती मॅटवर शोभतात.

तरी दोन गोष्टी तपासा. बहुतेक मॅट कागदांची छापायची बाजू एकच असते. कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावा, कोटिंगची बाजू चिकटते. उलट्या बाजूवर छापलं तर काळा फिकाच येतो. दुसरं म्हणजे काळी शाई कोणती पडते आहे ते. कॅननच्या जी मालिकेतल्या अनेक चार-शाई प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आणि बाकी तीन डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या) असतात. मीडिया टाइप ग्लॉसी निवडला की प्रिंटर पिगमेंट काळी बाजूला ठेवून तीन रंगांतून काळा बनवतो, कारण ती ग्लॉसी कोटिंगमध्ये मुरत नाही. ग्लॉसी कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं राहिलं तर काळा बोटाला लागतो.

प्रश्न : कृष्णधवल प्रिंट दिवसा खिडकीत स्वच्छ राखाडी दिसतो, रात्री दिव्याखाली हिरवट. शाई उडते का? (एक वाचक, मडगाव)

शाई तीच आहे, प्रकाश बदलला. तुमच्या प्रिंटरमध्ये राखाडी शाई नसेल तर राखाडी सायन, मॅजेन्टा आणि पिवळ्याच्या तोलावर उभा असतो. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात काही रंगपट्टे कमी असतात, तिथे तो तोल ढळतो. प्रोफाइल ५००० केल्विनचा प्रकाश गृहीत धरून बनतात. रंग पारखायला सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० च्या वरचा ४००० ते ५००० केल्विनचा दिवा लावा, किंवा दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन टाळून बघा. प्रिंट ज्या भिंतीवर लागणार तिथला दिवाच पिवळा असेल तर अंतिम निर्णय त्या दिव्याखाली घ्या. कृष्णधवलच छापायचं ठरलं असेल तर पुढचा प्रिंटर दोन-तीन राखाडी शाया असलेला घ्या, यावर दुसरा पक्का इलाज नाही.

प्रश्न : मोबाइलवरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने संगणकावर घेतला, ८ बाय १० छापला, धूसर आला. (एक वाचक, ठाणे)

व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या. ८ बाय १० इंचाला ३०० पिक्सेल प्रति इंच धरून २४०० बाय ३००० पिक्सेल हवेत. आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी३ मध्ये असतात. ते प्रोफाइल तसंच ठेवून उघडा, फोटोशॉप पुढचं सांभाळेल.

प्रश्न : पावसाळ्यात प्रिंट वाळत नाहीत, कागद वळतो, फ्रेम केल्यावर काचेवर आतून धुकट थर येतो. (एक वाचक, रत्नागिरी)

कागदाचं कोटिंग शाई शोषण्यासाठीच बनवलेलं असतं, ते हवेतलं पाणीही तसंच शोषतं. आधीच ओलावलेल्या कोटिंगवर शाई पसरते, गडद भाग तुंबतात आणि रंग प्रोफाइलपासून दूर जातात. वळलेल्या कागदाच्या कडा हेडला घासतात. उघडलेलं पाकीट झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह आडवं ठेवा आणि लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. ट्रेमध्ये रात्रभर कागद सोडू नका.

छापलेले प्रिंट एकावर एक रचू नका. पहिला अर्धा तास सुटे, मग प्रत्येकावर साधा कोरा कागद ठेवून २४ तास, कोकणातल्या पावसात ४८. शाईतलं ग्लायकॉल पाण्याच्या मानाने फार हळू उडतं, काचेवरचा थर त्याचाच. हेअर ड्रायरने वरचा पापुद्रा सुकतो, ग्लायकॉल आतच राहतं. फ्रेम करताना प्रिंट काचेला टेकू देऊ नका, माउंटबोर्डची खिडकी मध्ये ठेवा, म्हणजे एक-दोन मिलिमीटर जागा राहते. काचेला चिकटलेला ग्लॉसी प्रिंट सोडवताना कोटिंग काचेबरोबर निघून येतं.